जीप दारात आली

(वैशाख. दुपार कलती झालेली. ओढ्याकाठच्या बौद्ध वस्तीवर द्रौपदाच्या घराचा ओटा. पुण्याच्या सरकारी कचेरीत कारकून असलेला तिचा भाचा कपिल नुकताच येऊन टेकलाय. नवरा भागुजी आणि टेम्पो चालवणारा मुलगा रुपेश गावात गेलेले, रुपेशची मुलगी प्रतीक्षा ओढ्याकडं.)

द्रौपदा: पाणी पी आधी. पिलास? आता सांग, फोटू आणलास का?

कपिल: फोटोचं मग बघू, आत्या.

द्रौपदा: मग म्हंजे? रस्ता बघाया आलेल्या त्या सायबानं मला जीपशेजारी हुभं केलं. म्हणला, आज्जी, हसा जरा. हसले. म्हणला, फोटू पाठवून देतो. तू त्याच इमारतीत बसतोस न् तुला एक फोटू आणवंना?

कपिल: माझं टेबल खालच्या मजल्यावर, रस्त्यांचं काम वर. पण गेलो होतो. काल अख्खा दिवस वरच होतो. फोटो आहे. फायलीत चिकटवलाय, तो देत नाहीत कुणाला.

द्रौपदा: कशी आलीय मी?

कपिल: चांगली आलीयेस. नवं लुगडं आहे. शेजारी जीप, जीपच्या मागं तुझं दार. रांगोळीसुद्धा दिसते.

द्रौपदा: प्रतीक्षानं काढली व्हती ती. सकाळधरनं बसली व्हती उंबऱ्यापाशी, कुणाला पाय टाकू देईना.

कपिल: कुठंय ती?

द्रौपदा: वाटंवर पाणी मारायला गेलीय, वड्याकडं. रोज मारती, मुरूम उडू नये म्हणून. आज तू यायचा म्हणून जरा जास्तीच मारती आसंल. मला म्हणली, बातमी चांगली आसली तर कपिलकाका वड्यातनंच हाक मारत येईल, बघ. का रं, भेटली न्हाई तुला?

कपिल: मी बांधावरून आलो. वरच्या अंगानं.

द्रौपदा: एवढा गुळगुळीत रस्ता टाकून बांधावरनं?

कपिल: हो.

द्रौपदा: पोरीला तोंड दावायचं नव्हतं तुला. व्हय ना? बोल की. तुपल्या बापाची बहीण हाय मी, मपल्यापुढं कशाला तोंड शिवून बसतोस?

कपिल: आपला रस्ता यादीत नाही, आत्या. ओढ्यावरचा पूलपण नाही.

द्रौपदा: ह्या यादीत न्हाई का पुढल्या?

कपिल: कुठल्याच. पुढची कैक वर्षं हीच यादी चालणार.

द्रौपदा: मग उद्या कळंबचं पावणं येणार. पोरगी बघायला.

कपिल: उद्याच?

द्रौपदा: तुझ्या निरोपासाठीच थांबवलं व्हतं त्यांना. म्हैना झाला मी रुपेशला धरून ठेवलाय, ह्या हातानं. म्हणलं, कपिल येऊ दे, मग काय ते ठरव. जयंतीच्या दिवशी समद्या वस्तीदेखत बोललाय त्यो, पूल मंजूर झाला तर पोरगी धावीला बसंल, बारावीपत्तूर शिकंल. न्हाई तर लगीन.

कपिल: पंधरा वर्षांची आहे ती. कायद्यानं गुन्हा आहे हा.

द्रौपदा: मग जा, दे तक्रार. बापाला आत टाक तिच्या. कपिल, रुपेश वंगाळ न्हाई रं. भादव्यात पिंपळवंडीच्या शाळंतनं येताना पोरगी वड्यात घसरली, तवा शेजारच्या जानकूनं वेणी धरून वढली तिला. पुस्तकं गेली ती गेलीच. त्या दिसापासनं पाऊस आला की टेम्पो जिथं आसंल तिथं सोडून रुपेश वड्यावर येऊन हुभा ऱ्हातो. मार्केटात कांदा कुजला त्याचा दोनदा. शाळा जूनमधी सुरू न् वडाबी जूनमधीच. म्हणतो, लगीन झालं तर निदान जित्ती तरी ऱ्हाईल. काय बोलणार त्याला?

कपिल: काही नाही.

द्रौपदा: पर का न्हाई यादीत? सायेब तर खूश हून गेला व्हता. त्ये सांग आधी. हापिसातलं बोलू नगंस, मान्साला सांगत्यात तसं सांग.

कपिल: गावागावांतनं ठराव जातात तालुक्याला. कोण रस्ता मागतं, कोण पूल. मागणारे सतराशे साठ, पैसा मूठभर. पूर्वी ज्याचा झेडपीतला सभासद जोरात, त्याचा रस्ता व्हायचा. बोंबाबोंब झाली त्यावरून. मग जिल्ह्यानं ठरवलं, ज्या वस्तीला गाडीच पोचत नाही तिला आधी. जिला पोचते, ती मागं. बरोबरच ठरवलं तसं बघितलं तर. तेवढं बघायलाच फिरत होता साहेब. गाडी पोचते का नाही.

द्रौपदा: मग?

कपिल: मग काय. पोचली की.

द्रौपदा: आरं पर ती आमी पोचवली!

कपिल: ते त्याला कुठं दिसतंय?

द्रौपदा: कसं दिसत न्हाई? अख्ख्या वस्तीनं केलाय त्यो रस्ता. सायेब यायचा निरोप आला न् लंकाबाई म्हणली, द्रौपदे, आपल्या वाटंनं बैलगाडी नीट येत न्हाई, सायबाला काय चालवत आणायचं? मी म्हणलं, मुळीच न्हाई. तुला आठवत नसंल, शिरगणतीवाला यायचा त्यो वड्याच्या पलीकडं बसायचा न् हितल्या लोकांना हाका मारायचा. या, नावं सांगा. डॉक्टर यायचा देवीची लस टोचायला, त्योबी पलीकडंच. आमी पोरं काखंत मारून जायचो न् उन्हात हुभं ऱ्हायचो. मपल्या सासूनं जलमात सरकारी माणूस ह्या वट्यावर बघितला न्हाई. म्हणलं, ह्यो सायेब हितं येणार, हितं बसणार न् मपल्या कपातला चहा पिणार. मग काय, टेकाडावरचा मुरूम आणला. बाया पाट्या वाहत्यात, गडी धुम्मस मारत्यात. वडा कोरडाच व्हता, त्यात दगुड भरले, वर मुरूम. गोजरबाईला वझं झेपंना तर ती बसल्या बसल्या खडं वेचत व्हती. सायबाच्या गाडीला हिसका बसू नये म्हणून.

कपिल: नाही बसला. तसं लिहिलंय त्यानं. रस्ता सुस्थितीत म्हणून.

द्रौपदा: चांगला माणूस व्हता रं. हितं, तू बसलायस तिथंच बसला. चहा पिला, आजूक मागितला. मपल्या डोळ्याला पाणीच आलं. म्हणलं, सासूबाई, बघा.

कपिल: आत्या, त्यानं काही विचारलं होतं का? पावसाळ्याचं?

द्रौपदा: इचारलं की. जीपमधी बसता बसता म्हणला, पावसाळ्यात आलो तर येता येईल का? आमी समदीच म्हणलो, या की सायेब, कवाबी या, वस्ती तुमचीच हाय.

कपिल: तेच लिहिलंय. वाहतूक बारमाही, ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार.

द्रौपदा: आसं कसं लिवलं? आरं, दारातला पावणा इचारतोय परत येऊ का, त्याला काय सांगायचं, येऊ नगा? कुणी सांगंल तुझ्यात? तू सांगशील?

कपिल: मी नसतं सांगितलं.

द्रौपदा: वड्याचं आमच्या अर्जात व्हतंच की लिवलेलं. जानकूनं लिवलं व्हतं, पाच म्हैनं पाणी आसतं म्हणून. त्ये कुणी वाचलं न्हाई?

कपिल: अर्जापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं मोठं धरतात. फोटोत तुझं दार आहे, दारात जीप आहे आणि तू हसतेयस. मी त्या कारकुनाला म्हणलं, बाबा, ही माझी आत्या, हिनं वरून मुरूम टाकलाय. तो म्हणाला, मग चांगलंच केलं की. लोकसहभाग.

द्रौपदा: न् रस्ता कुणाला दिला?

कपिल: वरच्या मळ्याला.

द्रौपदा: वरच्या मळ्याला? त्यांच्यात तर ट्रॅक्टर हिंडत्यात.

कपिल: त्या दिवशी नव्हता हिंडत. साहेब यायच्या आदल्या दिवशी त्यांनी कालव्याची चारी फोडून पाणी सोडलं वाटेत. जीप फसली. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या साहेबाचा फोटो आहे त्यांच्या फायलीत. मळ्यातल्याच रखमाजीनं ट्रॅक्टर लावून ओढून काढली जीप.

द्रौपदा: रखमाजीनं. आणि आमाला एका शब्दानं बोलला न्हाई. मुरूम टाकताना बघत व्हता की बांधावर हुभा ऱ्हाऊन. म्हणला, लई झ्याक काम चाललंय, द्रौपदाबाई.

कपिल: त्यांच्या तीन पिढ्या साहेब बघत आल्यात, आत्या. साहेबाला काय दाखवायचं ते त्यांना ठाऊक. आपल्या दारात साहेब पहिल्यांदा आला.

द्रौपदा: आमी सारवून ठेवलं.

कपिल: हो.

द्रौपदा: मग उकरूया. आत्ता वस्ती बोलावते न् समदा उकरून टाकते. परत बोलव त्याला, म्हणावं बघ आता.

कपिल: आता तो कागदावर रस्ता झालाय. सरकारी. उकरला तर नुकसानीची केस होईल, ती आपल्यावरच. आणि परत तपासणी पाहिजे तर ग्रामसभेचा ठराव लागतो. ग्रामसभेत बहुमत मळ्याचं. सरपंचाला भेटून आलो मी सकाळी. तो म्हणतो, एका गावाला एकच रस्ता आलाय, आता हे उकरून काढलं तर तोबी जाईल, मग दोघंही बसा चिखलात.

द्रौपदा: आमदाराच्या फंडातनं?

कपिल: तिथंही हीच यादी बघतात. जोडलेली वस्ती म्हणल्यावर पुढचं पान उलटतात. मी सगळीकडं विचारलंय गं. तुझी शपथ.

द्रौपदा: कपिल, ऐक. एक काम कर. रुपेश संध्याकाळी येईल. त्याला सांग, मंजूर झालाय.

कपिल: काय?

द्रौपदा: सांग, झालाय, पैशावाचून अडलाय. सरकारी काम हाय, दोन वर्षं सहज अडतं. त्याला काय कळतंय हापिसातलं. दोन वर्षांत पोरगी धावी हून जाईल, पुढलं पुढं बघू. तुझ्यावर लई इस्वास हाय त्याचा. मी कधी काय मागितलं न्हाई तुला.

कपिल: आणि पावसाळ्यात? ओढा?

द्रौपदा: मी जाईन तिच्यासंगं रोज. कमरंला दोर बांधीन दोघींच्या. तू निस्तं एवढं बोल.

कपिल: बोलतो.

द्रौपदा: बोलशील?

कपिल: हो. बोलतो, आत्या. डोळ्यांत बघून बोलतो. झालाय मंजूर, पैसे आले की काम सुरू.

द्रौपदा: बस. थांब, मामा आलं तुझं. त्यांनाबी आसंच सांग. त्यांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई.

भागुजी: जय भीम, कपिल. कवा आलास?

कपिल: जय भीम, मामा. आत्ताच. मामा, बातमी आहे, आपला पूल...

भागुजी: ऱ्हाऊ दे, बाबा.

कपिल: नाही, ऐका तर. मंजूर...

भागुजी: पेढं वाटत्यात गावात. वरच्या मळ्याचा रस्ता आला म्हणून. हे बघ, मपल्याबी हातावर ठिवला, रखमाजीनं. फेकवंना न् खावंना, तसाच आणलाय.

द्रौपदा: रुपेश कुठंय?

भागुजी: तिथंच व्हता. टेम्पो हुभा केला व्हता चौकात. त्यानं इचारलं सरपंचाला, आमच्या वस्तीचं काय म्हणून. सरपंच म्हणला, तुमच्यात जीप जाती की राव, तुमाला कशाला रस्ता. समदी हासली. रुपेशबी हासला, काय करणार.

द्रौपदा: मग?

भागुजी: मग मला म्हणला, दादा, कळंबला फोन लावा.

द्रौपदा: लावला?

भागुजी: लावला. त्यो हुभाच व्हता बूथवर, पैसं काढून. मी काय करू? मी म्हणलं, द्रौपदाला इचारू. तर म्हणला, आयला आता काय इचारता, आयचं ऐकून म्हैना गेला. भादव्यात तुमी येणार हायसा का पोरीची वेणी धरायला?

द्रौपदा: काय म्हणलं पावणं?

भागुजी: येत्यात उद्या सकाळी. पाच-सात माणसं. त्यांची जीपगाडी हाय भाड्याची. आजून एक इचारत व्हते, त्येचा निरोप द्यायचाय परत. बूथवाला थांबलाय.

कपिल: मामा, एक दिवस थांबवता येणार नाही? मी रुपेशशी बोलतो.

भागुजी: बोल. त्यो म्हणंल पूल दाव.

द्रौपदा: काय इचारत व्हते?

भागुजी: म्हणत व्हते, वस्ती वड्याच्या आत हाय आसं ऐकलंय. गाडी पलीकडंच लावून चालत यायचं का कसं? बायामाणसं हायेत संगं.

कपिल: आत्या, ती बघ, येतेय. हंडा घेऊन. मला बघितलं वाटतं तिनं. पळत येतेय.

भागुजी: द्रौपदा. काय सांगू पावण्यांना?

द्रौपदा: सांगा, थेट दारात आणा. गाडी येती आमच्यात. सायबानं लिवलंय तसं.