खताची पेटी

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी शाळेत सेंद्रिय बागकाम शिकवते, एवढं बोलण्यावरून कळलं.

“ताई, आज मोठ्या बाई स्वतः खताची पेटी बघायला आल्या.”

“वास येतो म्हणून तुझा तासच बंद करणार होत्या ना?”

“हो. मुलांनी नुसती भाज्यांची सालं टाकली होती, म्हणून घाण सुटली. मग आम्ही मध्ये मध्ये वाळका पाला घातला, रोज वरखाली केलं. तीन आठवड्यांत वास गेला.”

“हे सांगितलंस बाईंना?”

“मी तोंड उघडायच्या आत ती शेवटच्या बाकावरची मुलगी पुढे झाली. वर्षभर हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारी. म्हणाली, ‘बाई, हात घालून बघा. आतून कोमट आहे. माती तयार होतेय.’”

“घातला त्यांनी?”

“घड्याळ काढून, कोपरापर्यंत. मूठभर माती नाकाशी धरली आणि हात झटकून निघून गेल्या. माझा जीव टांगणीला. शेवटच्या तासाला शिपाईकाका आले.”

“नोटीस घेऊन?”

“रिकामी कुंडी घेऊन. म्हणाले, बाईंना टेबलावर काहीतरी लावायचंय. शिकवायला त्या मुलीला पाठवा.”