रातकिडा आणि शीवची बस

प्रभादेवीच्या थांब्यावर विजयाताई शीवच्या बसची वाट बघत होत्या. रांगेत त्यांच्या पुढे एक मुलगा आणि एक मुलगी उभे होते. मागच्या भिंतीच्या फटीत रातकिडा एकसारखा किरकिरत होता.

"मनाली, हा एवढा का ओरडतोय गं?"

"ओरडत नाहीये. पंखावर पंख घासून मादीला बोलावतोय."

"आणि ती?"

"ती गप्प ऐकते. तिचे कान पुढच्या पायांत असतात."

"पायांत? काहीपण हां."

"सुमेध, मी कॉलेजात हेच शिकवते."

"आणि नाही आवडलं तिला तर?"

"जाते दुसऱ्याकडे."

"म्हणजे ह्याची वाट लागली."

"निदान बोलावतो तरी. तू दोन वर्षं नुसता सोबत फिरतोयस."

"मला कुठे गाता येतं?"

"त्याला तरी कुठे येतं? एकच सूर लावून बसलाय."

"आत्ता बोलू? इथे? एवढे लोक आहेत."

"ती जवळ आली की तोही आवाज हळू करतो. मी जवळच आहे ना."

शीवची बस आली, थांबली, आणि निघून गेली. विजयाताई जागच्या हलल्या नाहीत. सुमेध मनालीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. पदर सावरायच्या निमित्ताने ताईंनी मान पुढे काढली, पण एक अक्षर हाती लागलं नाही.

"नीट ऐकू नाही आलं. परत सांग."

तो परत वाकला.

"अजून एकदा."

आता ताईंना राहवेना.

"अगं, हो म्हण की त्याला."

मनाली वळली. तिचे कान लाल झाले होते.

"म्हणणारच आहे, काकू. पण पोटभर ऐकू तर द्या."