आवळ्याची खसखस

उलव्याच्या बसस्टॉपवर धनेशच्या पुढे रांगेत एक सासू-सून उभ्या होत्या. बस काही येईना, तसा तो कान देऊन त्यांचं ऐकू लागला.

"आई, फ्रीजमधली माझी बाटली उघडलीत का?"

"खसखशीची? अनारशांना लावली. संपली, तशी त्याच बाटलीत दुसरी भरून ठेवली."

"खसखस नव्हती ती! आवळ्याचा अर्क होता. तुरट लागू नये म्हणून लॅबमध्ये कणाकणाला आवरण घातलं होतं मी!"

"तरीच पावने बोलले, अनारसे तुरट हायेत."

"म्हणजे काल साहेबांना मी त्या बाटलीतलं घालून बिस्किटं दिली, ती..."

"खसखशीची! काय बोलले?"

"म्हणाले, आवळ्याची चव अजिबात लागत नाही, कमाल केलीस!"

"मंग आता?"

"आणखी मागितलीत. खसखस उरलीय का?"