चौथा कोष

आई : बसायला नाही आले मी, बाई. आधी ती जाळीची पेटी वर्गातून उचला आणि कुठंतरी नेऊन टाका.

बाई : अहो, आठवा महिना लागलाय तुम्हाला. टेका तरी. त्या पोरांच्या खुर्चीत नको, माझी घ्या.

आई : उभीच बरी आहे. काल संध्याकाळी खारूनं मला मारलं. पोटावर. उलथन्यानं.

बाई : आपल्या खारूनं? पायाखाली मुंगी आली तर मुंगीची माफी मागते ती!

आई : तीच. मी जरा आडवी झाले होते. डोळा लागतो न लागतो तोच फाडकन! बघते तर ही उलथनं दोन्ही हातांत धरून उभी. म्हणते, 'बाहेर ये. माझ्या आईला खाऊ नकोस.'

बाई : अरे देवा.

आई : तशीच धावले डॉक्टरीणबाईंकडे. बाळ ठीक आहे म्हणाल्या. पण माझ्या काळजाचं पाणी झालं. आणि ही कोपऱ्यात बसलेली, जवळ येईना. काय शिकवलंत तिला?

बाई : सांगते. पेटीत चार कोष होते. तिघांची फुलपाखरं झाली, पोरांनी टाळ्या वाजवत सोडली. चौथा काळा पडला. परवा त्यातून पांढरी अळी बाहेर आली, एका माशीची. ती माशी सुरवंटावर अंडं घालते. अंड्यातली अळी आत शिरते आणि त्याला आतून खाते.

आई : आणि हे चार वर्षांच्या पोरांना सांगितलंत!

बाई : त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. खोटं काय सांगू?

आई : झोपलंय म्हणायचं.

बाई : मग उद्या कुणी झोपलं तरी घाबरली असती.

आई : तुमचं शहाणपण तुमच्यापाशी. 'पोटात बाळ' असं म्हणालात की नाही?

बाई : ...म्हणाले. 'माशीनं आपलं बाळ सुरवंटाच्या पोटात ठेवलं.' तोंडातून गेलं. तुमची आठवणच झाली नाही. चुकलं माझं.

आई : चुकलं म्हणून तुम्ही मोकळ्या. मला घरी तिच्याकडे पाठ करून निजवत नाही. पोटच्या पोरीची भीती वाटतेय मला, कळतंय का? उद्या घरात तान्हं येईल, तेव्हा हिच्या हातात काय असेल?

बाई : असं नका बोलू. ती तुम्हाला वाचवत होती.

आई : माहितीये! म्हणूनच जास्त भीती वाटते.

बाई : बोलावू तिला? तुमच्यासमोर समजावते.

आई : बोलवा. पण समजवायचं तुम्ही नाही.

(बाई हाक मारतात. खारू येते, पण दारातच थांबते.)

आई : ये की जवळ.

खारू : नको. ते ऐकतंय.

आई : ऐकू दे. तूपण इथंच होतीस.

खारू : मी? मग मी तुला खाल्लं?

बाई : नाही गं राजा, माणसांचं —

आई : बाई! ...थोडंसं खाल्लंस.

खारू : कुठलं?

आई : मी जेवले की आधी तू घ्यायचीस, उरेल ते मला. केस गळले माझे. एक दाढ गेली. ही बघ, इथली.

खारू : दुखलं?

आई : दुखलं. तू बाहेर येताना तर मी ओरडून दवाखाना डोक्यावर घेतला.

खारू : मग तू मेलीस?

आई : मेले असते तर तुझ्याशी हुज्जत कोण घालतंय?

खारू : काळा कोष मेला.

आई : मेला. त्याच्या आत चोर शिरला, त्याला न विचारता. हे बाळ चोर नाही. मी आणि बाबांनी बोलावलंय त्याला. तुला बोलावलं होतं तसंच.

खारू : ...त्याला लागलं?

आई : नाही. पण मी खूप घाबरले. पुन्हा मारायचं नाही. भीती वाटली की मला उठवायचं.

खारू : तू दमलेली असलीस तरी?

आई : तरी.

बाई : पेटी आत नेऊन ठेवू का?

आई : पेटीचं नंतर बघू. आली बघा पोर, कशी पदराला चिकटली.

खारू : आई, तू जेवलीस?

आई : कुठलं? तशीच निघाले.

खारू : थांब, माझा डबा आणते. त्याला भूक लागली असेल, आणि आत तुझ्याशिवाय दुसरं काहीच नाहीये.