तिसऱ्या पानावरचा भोंगा

नेवेना : बटण दाबू नको म्हणजे? झिवादिनकाका, चित्रातल्या चिपांचे साठ पाय उघडे पडलेत. प्रत्येकावर पॉवरचं चिन्ह हातानं बसवायचं म्हणता? दोन वाजेपर्यंत सर्किटचं चित्र बोर्ड बनवणाऱ्याकडे गेलं पाहिजे!

झिवादिन : संगणक आपोआप बसवतो, ठाऊक आहे मला. एका दमात बसवतो. तरी तू हातानं बसव.

नेवेना : तुम्हाला घरी का बसवलं, ते आता कळलं.

झिवादिन : कुणी बसवलं नाही, पोरी. मीच बसलो. नऊ वर्षं झाली.

नेवेना : बाबा गेले त्याच वर्षी.

झिवादिन : हो.

नेवेना : म्हणून तर घाई आहे. वायूचा इशारा देणारं हे यंत्र पहिलं आमच्याच तळघरात लागणार. पिंपात द्राक्षांचा रस आंबायला लागायच्या आत. आईला शब्द दिलाय मी. बाबा ज्या पायरीवर वायूनं गुदमरले, तिथंच ती रोज उतरते.

झिवादिन : म्हणूनच आलोय. जुन्या यंत्राचं चित्र उघड बरं.

नेवेना : उघडंच आहे. पान एक, पंखा. पान दोन, वायू हुंगणारा भाग. पान तीन, भोंगा.

झिवादिन : शाब्बास. पहिल्या आणि तिसऱ्या पानाला जोडणारी एखादी तार दिसते?

नेवेना : एकही नाही.

झिवादिन : मग भोंग्याला वीज कुठून?

नेवेना : बॅटरीतून. बाबा गावभर सांगत फिरायचे, पंखा मेला तरी भोंगा बोंबलणार!

झिवादिन : ते मी त्याला सांगितलं होतं. चित्र काय सांगतं? भोंग्याच्या डोक्यावरच्या पॉवरच्या चिन्हाचं नाव वाच.

नेवेना : अधिक बारा.

झिवादिन : आणि पंख्याच्या?

नेवेना : अधिक बारा. थांबा...

झिवादिन : वर्गात एका नावाची दोन पोरं असली की बाई आडनाव विचारतात. संगणक विचारत नाही. एका नावाची चिन्हं दिसली, की तो ती जोडून मोकळा होतो. तार दिसत नाही, पण असते. पान कुठलं का असेना. घाबरू नको. भोंग्याच्या चिन्हावर टिचकी मार. जोडलेलं असेल ते सगळं उजळेल.

(नेवेना टिचकी मारते. पहिल्या पानावरचा पंखा पिवळा होतो.)

नेवेना : म्हणजे पंख्याचा फ्यूज उडाला की...

झिवादिन : भोंगाही मुका.

नेवेना : मग बॅटरीवर काय आहे?

झिवादिन : तूच बघ.

नेवेना : दिवा. नुसता तो हिरवा दिवा.

झिवादिन : हं.

नेवेना : पंखा बंद पडला होता, पण दिवा चालू होता, काका. आई खाली गेली तेव्हा चालू होता. म्हणून तर सगळे बाबांबद्दल म्हणाले, यंत्र धडधाकट आहे, देसिमीरनंच भोंगा बंद केला असणार. स्लावाचे, घराण्याच्या संताच्या सणाचे पाहुणे यायचे होते ना, त्यांच्यासमोर कटकट नको म्हणून. बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात मोठे काका सगळ्यांदेखत म्हणाले, स्वतःच्या मूर्खपणानं मेला.

झिवादिन : मी होतो त्या पंगतीत. मान खाली घालून त्याच्या नावानं शिजवलेला गोड गहू खात होतो.

नेवेना : आई अजून रागावलेली आहे बाबांवर. कबरीवर जाते, साफसफाई करते, आणि एक शब्द न बोलता परत येते. नऊ वर्षं! हे चित्र कुणी काढलं?

झिवादिन : कोपऱ्यात लिहिलंय.

नेवेना : मला नाही वाचायचं.

झिवादिन : मी काढलं. अशीच दुपार, अशीच घाई. संगणकानं विचारलं, उरलेल्या पायांना चिन्हं बसवू? मी हो म्हटलं. मग तपासणी चालवली. चुका शून्य. ते शून्य, पोरी, मला अजून दिसतं. जेवायला बसलो की ताटात दिसतं.

नेवेना : तुम्हाला कळलं कधी?

झिवादिन : त्याला पुरलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी. टिचकी मारली, पंखा उजळला. मी फाइल बंद केली. मग बाकीच्या अकरा तळघरांत जाऊन यंत्रं बदलून आलो. नवं मॉडेल आलंय म्हणालो.

नेवेना : अकरा घरांत गेलात. आमच्याकडे?

झिवादिन : पाय उचलला नाही. तोवर तुझ्या आईनं यंत्र उपटून फेकलं होतं. जुन्या लोकांसारखी मेणबत्ती धरून उतरायला लागली होती.

नेवेना : बाबाही न्यायचे मेणबत्ती. ज्योत फडफडली की मागं फिरायचे. तुमचा भोंगा आला आणि सोडली. म्हणायचे, झिवादिननं केलंय, आता मेणबत्ती कशाला!

झिवादिन : ऐकतो मी ते. रोज. तो जिना उतरतो, मी कान लावून बसतो. पायरी, पायरी, पायरी... भोंगा काही वाजत नाही. बायको म्हणते रेडिओ लाव. रेडिओतही तेच ऐकू येतं.

नेवेना : मला शाळेपासून शिकवत आलात, ते त्यासाठी?

झिवादिन : तू हुशार होतीस म्हणून... नाही. खोटं पुरे झालं. हो, त्यासाठीच.

नेवेना : आणि मी आज ते बटण दाबायला गेले नसते तर? सांगितलं असतंत?

झिवादिन : ठाऊक नाही, बाळा. तुझा हात तिकडे गेला आणि माझं तोंड उघडलं. एवढंच ठाऊक आहे.

नेवेना : खुर्ची सरकवा.

झिवादिन : काय करतेस?

नेवेना : भोंग्याच्या विजेला वेगळं नाव देतेय. मग साठही पाय हातानं. चित्र उद्या जाईल, कोसळत नाही आभाळ.

झिवादिन : मी पाय मोजून देतो, तू...

नेवेना : तुम्ही आईला फोन लावा.

झिवादिन : नेवेना, माझा आवाज ऐकला की ती...

नेवेना : ठेवून देईल. मग पुन्हा लावा. हा घ्या, मीच लावलाय, वाजतोय.

झिवादिन : कोसारा? मी झिवादिन. नाही नाही, पोरगी बरी आहे, शेजारीच बसलीय. ठेवू नकोस, ऐक. देसिमीरनं भोंगा बंद केला नव्हता.