घोडा अंगठ्याने ओढायचा

(पालीच्या पुढची जुनी चिरेखाण. आता तिथे रायफल क्लबचा सराव चालतो.)

उमा : आणि एवढ्यासाठी मला पालीपर्यंत आणलंत. करवंट्या फोडायला घरात कोयती नाही का?

श्याम : उद्या सकाळी हे रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करायचं आहे गो. निवडणुकीची आचारसंहिता लागली. निकाल लागेपर्यंत परवान्याची हत्यारं पोलिसांकडे. म्हटलं, त्याआधी एकदा तुला दाखवू.

उमा : आणून आठ दिवस नाही झाले. नवी सून लगेच माहेरी निघाली म्हणायची.

श्याम : हसू नको. कानाला हे लाव आणि रेषेच्या मागे राहा. क्लबच्या लवूने लाल झेंडा लावलाय, आता समोर कोणी जायचं नाही.

उमा : लावलं. मारा.

श्याम : बघ. डावीकडची करवंटी कुठे आहे?

उमा : गेली की हो. पण आवाज एवढाच? मला वाटलं, खाण हादरेल.

श्याम : बावीसचं आहे, लहान गोळी. बोटीवर तीस वर्षं इंजिनच्या धडधडीत काढली, पण या एवढ्याशा आवाजाने फार बरं वाटतं बघ.

उमा : दिसतंय तोंडावर. पण दर वेळी ते मागचं काय ओढता?

श्याम : घोडा. आधी अंगठ्याने तो ओढायचा, मग चाप. नुसता चाप दाबून काही होत नाही, दर गोळीला थांबावं लागतं. दुकानदार म्हणाला, साहेब, असलं आता कोण घेतं? म्हटलं, मी घेतो. मला थांबायची सवय लागली तीच उशिरा.

उमा : गणपतीत सहा वर्षं झाली, दारू सोडून.

श्याम : लक्षात आहे तुझ्या.

उमा : बाटल्या मी उचलल्यात. बरं, मारा उरलेल्या.

श्याम : पाच झाल्या. उमा, एक विचारू? परवान्याच्या चौकशीला जमादार आले, तेव्हा मला अंगणात बसवून तुझ्याशी आत बोलले. काय विचारलं?

उमा : इतके दिवस नाही विचारलंत.

श्याम : धीर झाला नाही.

उमा : विचारलं, साहेब पितात का, रागीट आहेत का. हातात हत्यार आलं तर तुम्हाला भीती वाटेल का.

श्याम : मग?

उमा : म्हटलं, प्यायचे. सगळी वाडी जाणते, लपवू कशाला? एकदा भरलं ताट भिंतीवर फेकलंनी, तेही सांगितलं. सहा वर्षांपूर्वी आला असतात तर नको म्हणून लिहून दिलं असतं.

श्याम : आणि आता?

उमा : म्हटलं, आता मला रात्री झोप लागते. हे लिहून घ्या.

श्याम : एका शब्दाने अडवू शकली असतीस.

उमा : शकले असते.

श्याम : हे माझ्या हातात आहे ते तुझ्यामुळे. हे आणि बाकीचंही सगळं. कधी बोललो नाही, आज बोलतो.

उमा : बोललात, पोचलं. किती उरल्या?

श्याम : एक. ती तू मार.

उमा : मला कुठलं जमतंय?

श्याम : मी शेजारी आहे. दोन्ही हातांनी धर, नळीचं तोंड समोर. चापावर बोट नको अजून. आता घोडा ओढ, सावकाश.

उमा : घट्ट आहे हो.

श्याम : असतो. सवयीने जमतो. हां, आता दाब.

उमा : लागली?

श्याम : करवंटी शाबूत आहे. गोळी मागच्या वाळूत गेली.

उमा : असू दे. उद्या ठाण्यात मीही येते. परत कधी मिळेल ते नीट विचारून घेऊ.