ताईंचा कॉम्प्युटर आणि पाचवा ठिपका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान कार्यकारी समितीचे सदस्य, अंधशाळेतून वेळ काढून आलेल्या मुख्याध्यापिकाबाई, छापखान्यातले माझे सर्व सहकारी, पहिल्या रांगेत कडेची खुर्ची धरून बसलेले आमचे घड्याळजी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळे ज्यांना नुसतं ताई म्हणतात, त्या ताई,

संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ती पुरणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक असावं, नाहीतर चहा त्यांनी भाषणांच्या आधी उरकला नसता.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी ताईंच्या बोटांचं कौतुक केलं. एकतीस वर्षं आपल्या ब्रेल छापखान्याचा प्रत्येक कागद त्या बोटांखालून गेला. ताईंना जन्मापासून दिसत नाही, पण आपल्या पुस्तकांतली चूक या इमारतीत सर्वांत आधी त्यांनाच दिसली. हे सगळं खरं आहे, आणि सगळ्यांनी सांगून झालं आहे. मी व्यवस्थापक आहे. व्यवस्थापकाने इतरांचं काम पुन्हा करू नये. म्हणून मी ताईंबद्दल न बोलता त्यांच्या कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहे.

हा कॉम्प्युटर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला या संस्थेत रुजू होऊन तीन दिवस झाले होते. डब्याची एक बाजू उघडी, आत टेबलफॅनचा वारा सोडलेला. कोणत्याही कंपनीचं नाव नाही. ताई आणि त्यांचे यजमान, म्हणजे हे आमचे घड्याळजी, या दोघांनी तो सुटे भाग आणून स्वतः जोडला होता. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून भागांवरचे बारीक आकडे वाचायचे आणि ताई हाताने चाचपून बसवायच्या. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम इतकी जुनी, की ती बनवणाऱ्या कंपनीनेच बारा वर्षांपूर्वी तिच्याशी संबंध तोडले होते. का ठेवली आहे, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, ठिपके उठवणारं छपाई यंत्र ज्या कार्डावर चालतं, ते कार्ड फक्त हीच सिस्टिम ओळखते. आणि यंत्र बनवणारा कारखाना तर कधीच बंद पडला. मी मान हलवली. त्यांना मान हललेली दिसत नाही, हे माझ्या लक्षात यायला आणखी आठवडा गेला.

पुढे दोन वर्षांनी मी एक सुंदर अहवाल लिहिला. 'कालबाह्य', 'असुरक्षित', 'पाठबळ नसलेली प्रणाली' असे शब्द त्यात ओळीओळीला होते. समितीने तो एकमताने मंजूर केला. नवा कॉम्प्युटर आला. जुना निकामी ठरवून त्याची नोंदवहीतून नोंद रद्द झाली. त्या कागदावर सही माझी आहे, आणि ती मी फार वळणदार केली आहे.

नव्या कॉम्प्युटरमध्ये सगळं होतं. फक्त छपाई यंत्राचं कार्ड बसेल अशी खाच नव्हती. कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने एक जोडपेटी लावली, कसलीशी तडजोड करून यंत्र सुरू करून दिलं, आणि जाताना ताईंना विचारलं, "मॅडम, स्क्रीनवर सगळं नीट दिसतंय ना?"

"तेच बघायला तुम्हाला बोलावलंय," ताई म्हणाल्या.

शाळेचं सत्र सुरू व्हायला बावीस दिवस होते. सहावीच्या गणिताच्या पुस्तकाचे चार भाग छापायचे होते. पहिला भाग मी नव्या कॉम्प्युटरवर एका दिवसात छापून घेतला. छापलेले कागद ताईंकडे पाठवले असते तर चार दिवस गेले असते. मी विचार केला, मजकूर स्क्रीनवर तपासलेला आहे, कॉम्प्युटर नवा आहे, मग बोटं कशाला? तपासणीच्या तक्त्यात 'मुद्रितशोधन झाले' या रकान्यात मी स्वतःच खूण केली. नाव तिथे ताईंचं आधीपासून छापलेलंच असतं. बावीस प्रती बांधून शाळेत पोचत्याही झाल्या.

दोन दिवसांनी ताई माझ्या दारात उभ्या. हातात पहिल्या भागाची छापखान्यात राहिलेली प्रत, एक बोट पानात अडकवलेलं. अगदी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पान अडतीसवर तीन आणि तीन मिळून दोन होतात. मला गणित फारसं येत नाही, पण विचारलेलं बरं."

ज्यांना ब्रेल येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका अक्षराला सहा ठिपक्यांची जागा असते. त्यातला पाचवा ठिपका गेला, की चाराचे तीन होतात, आठाचे दोन होतात, साताचे सहा. पुस्तकात चार आणि चार आठ होते. नवा कॉम्प्युटर यंत्राला जरा जास्तच वेगाने आज्ञा सोडायचा, आणि यंत्र तापलं की पाचव्या ठिपक्याची हातोडी मागे पडायची. डोळ्यांना कागद सुबक दिसत होता. मी तर त्याच्या बांधणीवर खूष होतो.

तंत्रज्ञाला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या छपाई यंत्राला आमचा पाठिंबा नाही. जुनी सिस्टिम नव्या कॉम्प्युटरवर चढवून पाहिली, तर तिला नवी डिस्कच दिसेना. आता उरला तो एकच कॉम्प्युटर, जो नोंदवहीप्रमाणे अस्तित्वात नव्हता. तो भंगारात गेला असणार, असं मी मोठ्या दुःखाने म्हणालो. ताई म्हणाल्या, बांधणी विभागात टेबलाखाली आहे, प्लास्टिक घालून ठेवलाय.

तो वर काढला, तर सुरू होईना. नुसत्या शिट्ट्या देई. ताईंनी बटण तीनदा दाबून ऐकलं. म्हणाल्या, एक लांब, दोन आखूड. म्हणजे स्क्रीनचं कार्ड गेलं. मी त्यांना म्हटलं, मग उत्तमच, तुम्हाला स्क्रीन लागतोच कुठे? ताई हसल्या. त्या कॉम्प्युटरची अट अशी होती, की समोर कुणाला तरी दिसेल याची खात्री पटल्याशिवाय तो जागाच होत नसे. जगाने ताईंना घातलेली ही काही पहिली अशी अट नव्हती.

त्या जातीचं कार्ड आता मिळत नाही. घड्याळजी दुकान बंद ठेवून दोन दिवस दुरुस्तीवाल्यांची खोकी उपसत फिरले आणि त्याच्याहूनही जुन्या धाटणीचं एक कार्ड घेऊन आले. ते वेगळ्या खाचेत, बाकीच्या दोन कार्डांसारख्याच खाचेत बसतं. म्हणजे आता तीन खाचा आणि तीन कार्डं: एक स्क्रीनचं, एक छपाईचं, आणि एक आवाजाचं. आवाजाचं कार्ड म्हणजे ताईंचे डोळे. स्क्रीनवरचं सगळं त्यांना त्या आवाजातून ऐकू येई.

कॉम्प्युटर सुरू झाला. टाळ्या वाजवायला मी हात वर केले, तेवढ्यात छपाई अडली. स्क्रीन आणि छपाई दोघं गुण्यागोविंदाने नांदायला तयार होते. आवाज घरात आला की छपाई रुसायची. तीन कार्डं तीन खाचांत सहा तऱ्हांनी बसतात. आम्ही सहाही तऱ्हा करून पाहिल्या. घड्याळजी भिंग लावून वाचत, ताई बसवत, आणि मी बटण दाबत असे. माझ्या शिक्षणाला साजेसं तेवढंच काम तिथे होतं. सहावी तऱ्हाही फसली, तेव्हा पंधरा दिवस उरले होते.

मग त्यांनी हात घालून आवाजाचं कार्ड उपटलं, रुमालाने पुसलं, घड्याळजींच्या हातात दिलं, आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "आता तुम्ही बोला."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

श्रोतेहो, पुढचे अकरा दिवस, दहा ते पाच, मी या संस्थेचा व्यवस्थापक नव्हतो. मी ताईंच्या कॉम्प्युटरचा आवाज होतो. स्क्रीनवर जे येईल ते मी वाचायचं, त्या दुरुस्त करणार, यंत्र छापणार, आणि कागद निघाला की त्या बोटाने तपासणार. माझं वाचन त्यांना पसंत नव्हतं. स्वल्पविरामाला थांबू नका, 'स्वल्पविराम' म्हणा. आकडे एकेक वाचा, एकदम नको. आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, साहेब, प्रस्तावना वाचताना गहिवरू नका, आवाज सपाट ठेवा; त्या कार्डाला भावना नव्हत्या, हा त्याचा मोठा गुण होता.

छापखान्यात दोन वर्षं काढून त्यांच्या खोलीत मी सलग दहा मिनिटं कधी बसलो नव्हतो. त्या खोलीत बल्ब नाही, हेही मला तेव्हाच समजलं. मूळ पुस्तकातला आकडा पडताळायचा असला की मी खिडकीजवळ सरकायचो.

सातव्या दिवशी शाळेतून फोन आला. पहिल्या भागाच्या बावीस प्रती परत मागवा म्हणून मी पत्र पाठवलं होतं, पण तोवर सुट्टीतही वसतिगृहातच राहिलेल्या एका मुलीने पहिला सराव पूर्ण करून टाकला होता. एकही उत्तर जुळेना. तिने ते तीनदा केलं, आणि मग बाईंना जाऊन सांगितलं की मला गणित येत नाही, मला दुसरा विषय द्या. मुख्याध्यापिकाबाई इथे आहेत, त्यांना आठवत असेल. मी म्हटलं, मी पुन्हा एक सविस्तर पत्र पाठवतो. ताई म्हणाल्या, "पत्र तिला कोण वाचून दाखवणार?"

नव्याने छापलेला पहिला भाग घेऊन त्या स्वतः शाळेत गेल्या. घड्याळजी सोबत होते, त्यांच्याकडून मला कळलं. ताईंनी मुलीचं बोट जुन्या पुस्तकातल्या त्या ओळीवर ठेवलं, मग नव्या पुस्तकातल्या त्याच ओळीवर, आणि तिला म्हणाल्या, चूक आमची होती. आमची, म्हणाल्या. त्या मुलीने तिथल्या तिथे तो सराव चौथ्यांदा सोडवला. चारही भाग सत्राच्या दोन दिवस आधी शाळेत पोचले.

इथे टाळ्या वाजवायला हरकत नव्हती, पण गोष्ट अजून संपलेली नाही.

बावीस प्रती वाया का गेल्या, असं समितीने विचारलं. रीतसर चौकशी झाली. तपासणीच्या तक्त्यात 'मुद्रितशोधन झाले' अशी खूण होती आणि समोर ताईंचं नाव होतं. ती खूण कोणी केली, हे कोणी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही. ताईंच्या सेवापुस्तकात शेरा आला: 'कामात पुरेशी दक्षता नाही.' नियमाप्रमाणे असा शेरा कर्मचाऱ्याला कळवावा लागतो, आणि ताईंच्या बाबतीत तो वाचून दाखवावा लागतो. कोण वाचणार? सराव मला होता. मी ते पत्र त्यांच्या खोलीत, खिडकीजवळ उभं राहून, सलग, सपाट आवाजात, स्वल्पविरामांसकट वाचलं.

ताईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "वाचन सुधारलं तुमचं."

एवढंच. खूण कोणाची होती हे त्यांना माहीत होतं, कारण तो भाग त्यांच्या हाताखालून गेलाच नव्हता. त्या समितीकडे गेल्या नाहीत. पुढची चार वर्षं रोज सकाळी मला नमस्कार करत राहिल्या. चार वर्षं मी त्या नमस्काराला मान हलवून उत्तर दिलं आहे.

आज सकाळी मी अध्यक्ष महोदयांच्या टेबलावर एक पत्र ठेवलं आहे. खूण मी केली होती, तो शेरा काढून टाकावा आणि माझ्या सेवापुस्तकात लिहावा, असा त्याचा मजकूर आहे. अध्यक्षांनी ते अजून उघडलेलं नसावं. आत्ता काही क्षणांपूर्वीपर्यंत ते माझ्याकडे बघून हसत होते.

समारंभाच्या संयोजकांचा, दुकान बंद ठेवून आलेल्या घड्याळजींचा, मुख्याध्यापिकाबाईंचा आणि पाच मिनिटांची पंधरा होऊनही न उठलेल्या आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. वक्त्याने शेवटी कमीजास्त बोलल्याची माफी मागावी, अशी रीत आहे. जास्त बोललो, त्याची माफी मी या सभागृहाकडे मागतो. चार वर्षं कमी बोललो. ती माफी, ताई, मी तुमच्याकडे मागतो.